पार्वताबाईंचा उजवा गाल

माझ्या नोकरीचं नाव ज्यांना धड उच्चारता येत नव्हतं, अशा माणसांतच माझी सगळी नोकरी गेली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईहून शिकून अकोल्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा ‘फिजिओथेरपिस्ट’ हा शब्द कसा लिहावा यावर तिथल्या कारकुनांचं एकमत होईना. शेवटी माझ्या दारावर ‘व्यायामोपचार’ अशी पाटी लागली. त्यामुळे पहिले काही दिवस तालमीतली पोरं आत डोकावून जात आणि लाकडी बाकावर बसलेले म्हातारे पाहून परत फिरत. लोकांनी मग आपापल्या सोयीनं नावं ठेवली. कोणी ‘मालिशवाली बाई’ म्हणे, कोणी ‘बिजलीवाली बाई’. मी दोन्हीला ओ देत असे.

खोली वऱ्हांड्याच्या टोकाला होती. शेक द्यायचा लाल दिवा, विजेचे हलके झटके देणारी एक पेटी, हात धुवायचं घमेलं, आणि भिंतीवर आरसा. आरसा मी मुद्दाम मागून घेतला होता. सामानाच्या कोठीवरच्या माणसानं विचारलं होतं, “बाई, दवाखान्यात आरसा काहून पायजे? सिंगार कराचा हाये का कोनाले?”

मी म्हटलं, “तोंड वाकडं झालेल्या माणसाला तोंड सरळ करायला आरसा लागतो.” त्यानं आरसा दिला, पण माझ्याकडे जरा सांभाळूनच पाहिलं.

तोंड वाकडं होणं म्हणजे काय, ते आधी सांगते. कानाच्या मागून एक नस हाडाच्या बारीक बोगद्यातून निघते आणि चेहऱ्याच्या अर्ध्या बाजूवर पसरते. कपाळाला आठी घालणं, डोळा मिटणं, गाल फुगवणं, हसणं, सगळं तिच्याच हुकमतीखाली. ती नस बोगद्यात सुजली की हुकूम बंद. माणूस रात्री चांगला झोपतो आणि सकाळी चूळ भरायला जातो तर पाणी एका बाजूनं गळून जातं. डोळा मिटत नाही. मिटायला गेलं की बुबुळ वर जातं आणि नुसतं पांढरं दिसतं. ते पाहून घरचे घाबरतात. आमच्याकडे याला सरसकट लकवा म्हणत. पण मेंदूतून झालेला लकवा असेल तर माणसाला दोन्ही भुवया वर करता येतात. या नसेच्या दुखण्यात एक भुवई जागची हलत नाही. म्हणून कोणीही आला की मी पहिल्यांदा म्हणायची, “वर पाहा. कपाळाला आठ्या घाला.” 

नस बहुतेक वेळा आपली आपणच सुधारते. आमचं काम तोवर गाल जिवंत ठेवण्याचं. शेक, मालिश, आणि आरशासमोर व्यायाम. नाक मुरडा, ओठांचा चंबू करा, गाल फुगवा, दात दाखवा. शहाणीसुरती माणसं आरशापुढे अशी तोंडं करायला लाजतात. बडनेऱ्याचा एक रेल्वेचा गार्ड माझ्याकडे यायचा. ओठ मिटत नसल्यानं त्याची शिट्टी वाजेना, आणि शिट्टी वाजल्याशिवाय त्याला गाडीवर कोणी पाठवेना. तो रोज खिशातून स्वतःची शिट्टी काढून इमानानं सराव करी. ज्या दिवशी ती खणखणीत वाजली, त्या दिवशी शेजारच्या वॉर्डातली मोठी नर्स धावत आली आणि दोघांनाही बोलून गेली. गार्ड मात्र इतका खूश होता की त्यानं तिला सलाम केला.

सगळ्यांचंच असं होत नसे. कापसाच्या बाजारातला एक हमाल फार उशिरा आला. कोणीतरी सांगितलं म्हणून त्यानं गालाला कबुतराचं रक्त चोळलं होतं आणि न मिटणाऱ्या डोळ्यात दिवसभर बाजाराची धूळ आणि कापसाची तुसं जात राहिली होती. गाल सुधारला. डोळा गेला. साधी कापडाची पट्टी वेळेवर बांधली असती तर वाचला असता. तो हमाल मला अजून आठवतो. पण मला लिहायचं आहे ते पार्वताबाईंबद्दल.

त्या आल्या तेव्हा माघाची थंडी होती. सोबत त्यांची धाकटी बहीण शांताबाई. शांताबाईंचं घर जठारपेठेत होतं. पार्वताबाई अंजनगाव सुर्जीकडच्या एका गावच्या पाटलीण. पन्नाशीच्या आतबाहेर, उंच, काळ्याभोर हाताच्या. पदर इतका ओढलेला की नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता.

मी नाव विचारलं. त्यांनी मान फिरवली.

“पार्वताबाई,” शांताबाई म्हणाल्या.

“त्यांनाच सांगू द्या,” मी म्हटलं. मला बोलणं ऐकायचं होतं.

मग पदराआडून आवाज आला. ‘प’ला ओठ मिटावे लागतात. त्यांचे मिटत नव्हते. स्वतःचं नावच त्यांना घेता येत नव्हतं. नुसती हवा फुसकन बाहेर आली आणि मागून ‘आर्वताबाई’ असं काहीतरी. पदर जरा सरकला. त्यांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे एकच डोळा मिटला. दुसरा उघडाच राहिला.

हकीकत शांताबाईंनी सांगितली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती मुलगी लग्न होऊन दूर दिलेली. काळ्या रानाची सगळी शेती, दिराच्या वाट्यासकट, पार्वताबाई स्वतः पाहायच्या. बी कोणतं घ्यायचं, बैलजोडी कोणाला द्यायची, कापूस कधी गाडीत भरायचा, सगळं त्यांच्या शब्दावर. एका लग्नाहून पहाटेच्या थंडीत दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं. तरी तशाच शेतात गेल्या. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एका गड्याला हाक मारली. हाक वेडीवाकडी निघाली आणि दोन गडी हसले. त्या घरी आल्या, पदर ओढला आणि मग ओसरीवर आल्याच नाहीत.

“अन् आता भाऊजी म्हनते,” शांताबाई म्हणाल्या, “वहिनीनं लय केलं, आता आराम करावा. पाडव्याले गडी आमीच ठरवतो.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे सालगडी गुढीपाडव्याला ठरतो. मालक ओसरीवर बसतो, गडी अंगणात. वर्षभराची जवारी, कापडं, जे काय असेल ते तोंडी बोलायचं आणि साल धरायचं. ज्यानं साल ठरवलं, गडी त्याचा. त्या वर्षी पाडव्याला दीर नामदेवराव बोलले असते, तर पुढे सगळी शेतीच त्यांच्या शब्दावर चालली असती. नामदेवराव वाईट माणूस नव्हते, हे मी नंतर पाहिलं. बाईमाणूस अडचणीत आलं की तिची जागा आपण घ्यायची, एवढंच त्यांनी गृहीत धरलं होतं.

मी डोळ्याला पट्टी बांधून दिली, डॉक्टरांकडून थेंब लिहून आणले, मग तोंडाच्या कोपऱ्यापासून कानशिलापर्यंत चिकटपट्टी लावून ओघळलेला गाल वर धरला. पुढचं काम गालाच्या आतून करायचं होतं. बोटाला जाळीचं कापड गुंडाळून ते तोंडात घालायचं आणि गाल आतून हळूहळू चोळायचा. मी हात धुऊन बोटाला कापड गुंडाळत होते, तेव्हा त्यांनी बहिणीला खूण केली.

शांताबाई म्हणाल्या, “बाई, तुमी कोन्या गावच्या?”

“बडनेऱ्याच्या. वडील रेल्वेच्या शेडमध्ये आहेत.”

“तसं नाही. कोनाच्या?”

हा प्रश्न मला नवा नव्हता. मी म्हटलं, “आम्ही बौद्ध.”

शांताबाईंनी बहिणीकडे पाहिलं. मी कापड गुंडाळत राहिले. मला राग आला नाही असं नाही, पण त्या वयात मी एक शिकले होते: रोग्याचा गाल माझ्या रागानं सुधारत नाही. पार्वताबाईंनी पदर सारखा केला आणि उठून गेल्या. संध्याकाळी खोलीला कुलूप लावताना मला वाटलं, या काही परत यायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर त्या बाकावर बसलेल्या. घरून एक पितळी पेला आणला होता. त्यांनी बाहेरच्या नळावर चूळ भरली, अर्धी गळाली, पदरानं हनुवटी पुसली, माझ्यासमोर बसल्या आणि तोंड उघडलं. मी बोटाला कापड गुंडाळलं.

आरशाचं मात्र जमेना. मी त्यांना आरशापुढे बसवलं, तशा त्या सरकून बाजूला झाल्या. “मी आरसा पायत नाही,” त्या म्हणाल्या. ‘पायत’चा ‘प’ गेलाच होता, पण मला कळलं. नवरा गेल्यापासून त्यांनी आरशात तोंड पाहिलं नव्हतं. कुंकू लावायचं नाही, तर आरसा कशाला?

मी स्टूल ओढून त्यांच्या समोर बसले आणि म्हटलं, “मग माझ्याकडे पाहा. मी करते तसं करा.” मी भुवया उडवल्या, नाक मुरडलं, गाल फुगवले. त्या माझ्याकडे टक लावून पाहत. डावी बाजू लगेच करी, उजवी ढिम्म. रोज सकाळी दारावरून जाणाऱ्या माणसांना दोन बायका समोरासमोर बसून एकमेकींना वाकुल्या दाखवताना दिसत. दवाखान्यात त्यावरून बरीच करमणूक झाली.

आणखी एक अडचण शब्दांची. ओठांच्या सरावासाठी मी शिकून आलेली यादी होती. पपई, फणस, बाबा, मामा. पार्वताबाईंनी ती ऐकली आणि मान हलवली. “फनस कोनं पायला?” त्या म्हणाल्या. “मले कामाचं सांगा.”

“मग तुम्हीच सांगा कामाचं.”

त्यांनी विचार केला आणि आपल्या गड्यांची नावं घेतली. पुंडलिक. बापूराव. महादेव. मग शेतांची. बाभूळवावर, पांढरीचं वावर, मधला पट्टा. मग बैलांची. आमचा सराव त्यावर चालू झाला. अंगठ्यानं तोंडाचा उजवा कोपरा आत दाबून धरायचा आणि म्हणायचं, पुंडलिक. हवा निसटे. पुन्हा, पुंडलिक. हळूहळू मला त्यांची सगळी शेती तोंडपाठ झाली. कोणता गडी कामचुकार, कोणत्या वावरात पाणी थांबतं, हेही कळलं, कारण नाव घेतलं की त्याचं वर्णन केल्याशिवाय त्यांना राहवत नसे. बोलणं आपोआप होत होतं आणि मी अडवत नव्हते.

आठवडे गेले. गाल मेल्यासारखाच होता. शांताबाईंच्या घरी कोणी म्हणे अंगारा लावा, कोणी म्हणे नागपूरला न्या. नामदेवरावांचा निरोप आला की पाडव्याची तयारी आम्ही करतो, वहिनीनं घाई करू नये. त्या दिवशी पार्वताबाई व्यायाम न करता नुसत्या बसून राहिल्या.

“होत नसन तं सांगून टाका,” त्या म्हणाल्या. “मले खोटं चालत नाही.”

मी खरं तेच सांगितलं. “बहुतेकांचं होतं. काहींचं पूर्ण होत नाही. तुमचं कोणतं, ते मला आज सांगता येत नाही.”

“मंग बसा,” त्या म्हणाल्या, आणि नाक मुरडलं.

त्यानंतर काही दिवसांनी त्या मला महादेवाची गोष्ट सांगत होत्या. हा गडी एकदा रखवालीला बसला आणि झोपला, आणि बैल त्याच्याच उशाची कडब्याची पेंढी खाऊन गेला. सांगता सांगता त्या हसल्या, आणि मला उजव्या नाकपुडीशी काहीतरी दिसलं. पाण्यावर किडा चालला की पाणी हलतं, तेवढंच. मी म्हटलं, “पुन्हा हसा.”

“असं सांगून हासता येते का?”

“नाक मुरडा मग.”

पुन्हा तेच. या वेळी मला खात्री पटली. पण त्यांना ते समजत नव्हतं. गालाला आतून कळायला अजून वेळ होता. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, पण खोटं चालत नव्हतं. मी उठले, भिंतीवरचा आरसा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तोंड फिरवलं नाही. बराच वेळ नुसतं पाहिलं. मला वाटतं, त्या गाल पाहत नव्हत्या. इतक्या वर्षांत आपण केवढ्या म्हाताऱ्या झालो, ते पाहत होत्या. मग नाक मुरडलं. नाकपुडी हलली.

“एवढंच?” त्या म्हणाल्या.

“एवढंच.”

“एवढ्यासाठी इतके दिवस तोंडं करून राहिलो आपन?” पण आरसा त्यांनी परत दिला नाही. त्या दिवसापासून तो त्यांच्या मांडीवर असे.

नस जागी होऊ लागली की हालचाल हळूहळू पसरत जाते. नाक झालं, ओठाचा कोपरा किंचित वर आला, डोळा अर्धा मिटू लागला. पण पाडवा जवळ आला होता आणि ‘प’ अजून पक्का नव्हता. मी म्हटलं, “आणखी महिनाभर राहिलात तर बरं.”

“गडी महिनाभर थांबत नाही,” त्या म्हणाल्या. निघताना दारात थांबल्या. “तुमी येजा पाडव्याले. समोर बसजा. तुमी तोंड केलं का मले समजते.”

पाडव्याची सुट्टी होती. मी आदल्या दिवशी बडनेऱ्याला घरी गेले, आईला सांगितलं की एका रोग्याकडे जायचं आहे, आणि पहाटे अमरावतीहून अंजनगावची गाडी धरली. पुढे त्यांची दमणी न्यायला आली होती.

अंगणात गडी बसले होते. ओसरीवर सतरंजीवर नामदेवराव, आणखी दोन वयस्क माणसं. पार्वताबाई दाराशी. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. गाल अजून ओघळलेला. मी अंगणाच्या कडेला, चपला काढून उभी राहिले. नामदेवरावांच्या बायकोनं मला बसायला अंगणातच एक पोतं टाकलं. पार्वताबाईंनी ते पाहिलं.

“अंगनात नका बसवू,” त्या म्हणाल्या. “अंगनातलं मले नीट दिसत नाही. इथं, समोर बसा बाई.”

मी ओसरी चढले आणि त्यांच्यासमोर बसले. अंगणातल्या गड्यांत आमच्या समाजाचे तिघे-चौघे होते. त्यांच्या नजरा माझ्या पाठीवर मला जाणवत होत्या. नामदेवराव जरा सरकून बसले. मग घसा खाकरून म्हणाले, “वहिनी, तुमी राहू द्या. मी सांगतो.”

“भाऊजी, तुमी बसा. मलेच बोलाचं हाये.”

त्यांनी पहिलं नाव घेतलं. पुंडलिक. हवा निसटली. नाव अर्धंच निघालं, आणि अंगणात कोणीतरी हसू दाबलं. मी ओठ घट्ट मिटून दाखवले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अंगठ्यानं तोंडाचा कोपरा दाबून धरला आणि पुन्हा म्हणाल्या, “पुंडलिक.” या वेळी नाव अंगणाच्या टोकापर्यंत गेलं.

मग जो हसला होता त्याच्याकडे वळल्या. “हासून घे. झालं का हासनं, मंग सांग, साल धरतं का जातं.”

तो महादेव होता. “धरतो ना बाई,” तो खाली पाहत म्हणाला.

त्यानंतर त्या एकेकाशी बोलल्या. कोणाला जवारी वाढवून दिली, कोणाला मागच्या वर्षीचं काम आठवून दोन शब्द सुनावले. कुठे कुठे ‘ब’ आणि ‘म’ अडखळला, तिथं थांबल्या, अंगठा लावला आणि पुढे गेल्या. घाई केली नाही. एक गडी उठून गेला, बाकीचे राहिले. नामदेवराव सगळं संपेपर्यंत बसले आणि शेवटी म्हणाले, “वहिनी, तोंड दुखत असन आता. पानी घ्या.” मला वाटतं, ते मनापासून म्हणाले.

मी परत निघाले तेव्हा पुंडलिक दमणीपर्यंत आला. म्हातारा माणूस, डोक्याला पांढरं फडकं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं नाही. हात जोडून मोठ्यानं म्हणाला, “जय भीम, बाई.”

पार्वताबाईंचा गाल पुढे पावसाळ्यापर्यंत जवळजवळ सुधारला, पण पुरता नाही. जागी होताना नसेचे धागे कधीकधी भलत्या ठिकाणी जुळतात. त्या हसल्या की उजवा डोळा आपोआप बारीक होई. लोकांना वाटे, बाई डोळा मारतात. यावर माझ्याकडे तेव्हा उपाय नव्हता. त्याबद्दल मला वाईट वाटे. त्यांना वाटत नसे. शेतीच्या वाटण्या दीर-भावजयीनं पुढच्या वर्षी समजुतीनं केल्या आणि आपापली वहिवाट ठेवली.

नंतर माझी बदली अमरावतीला झाली. तिथं एकदा त्या गुडघे दाखवायला आल्या. मी शेक देत होते आणि त्या गावाकडच्या गोष्टी सांगत होत्या. मध्येच थांबल्या.

“बाई, एक सांगाचं होतं. पहिले पहिले तुमच्याइथून गेली का शांताच्या घरी मी डोक्यावरून आंगोळ करे. तुमी तोंडात बोट घालत होत्या ना, म्हनून. तुमाले मालूम होतं?”

मला माहीत नव्हतं. मी दिवा जरा बाजूला सरकवला. “मग?”

“मंग काही नाही. थंडी होती. रोज पानी तापवाचा कंटाळा आला.”

त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी काय म्हणते, याची वाट पाहत होत्या. मला हसू येत होतं, आणि आत कुठे तरी त्या थंडीतला जुना राग पुन्हा हलला होता. तो सगळा तिथंच राहू दिला. मी त्यांचा दुसरा गुडघा दिव्याखाली घेतला.